ऐकलेले तारे

मी तारे पाहिले नाहीत, ऐकले.
बावीस वर्षं कोर्दोबाच्या वेधशाळेत,
घुमटाखालच्या खोलीत माझी खुर्ची,
छताला वीतभर भोक,
त्यातून वरचा आवाज खाली यायचा
आणि जुलैत, वाऱ्यासकट.

वर डॉन एव्हारिस्तो उताणे पडलेले, डोळा दुर्बिणीला.
दुर्बीण हलायची नाही. आभाळ हलायचं.
तारा काचेवरची रेघ ओलांडताना
ते आकडा टाकायचे:
"आठ, सहा."
"नऊ."
"नऊ, दोन."
मी घड्याळात बघून सेकंद मांडायची.
तेज आणि वेळ. बस.
दिव्यावर लाल कागद, बोटांना शाई,
आणि मध्येच वरून, "लुदुएन्या, झोपलात का?"
"नाही डॉन, बोळा बदलत होते."

ठळक ताऱ्यांची बारशी कधीच उरकलेली.
कुणाच्या खांद्यावरून, कुणाच्या शेपटीवरून पडलेली अरबी नावं,
लॅटिनात जाताना मोडलेली.
मग ग्रीक अक्षरं; ती चोवीसच.
आमच्या वाट्याला उरलेला चुरा,
त्याला पट्टा आणि क्रमांक.
नाव ठेवायचं म्हटलं असतं
तर आधी नावं संपली असती, मग आम्ही.

गावानं मात्र आम्हाला नावं ठेवली.
रात्रभर एका छपराखाली,
आणि म्हणे मोजतात!
आई चर्चला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागली.

अकरा वर्षांनी केपहून पत्र आलं.
उणे एकतीसच्या पट्ट्यात, अमुक क्रमांक,
तेज नऊ पूर्णांक चार:
आम्ही तीन रात्री शोधला, तिथं काही नाही.
डॉन एव्हारिस्तो तोवर गेलेले.
नव्या संचालकांनी माझ्यापुढे वही ठेवली.
अक्षर माझंच. एक तास, चार मिनिटं, अकरा सेकंद.
जुलै. पहाटेच्या आधीची वेळ.

आणि मला जिना आठवला.
जिन्यात मोलकरीण, रेमिहिया, शाल डोक्यावरून,
धापा टाकत काहीतरी सांगून गेली वरती.
मग बराच वेळ आवाज नाही.
मग एक आकडा,
जरा खालच्या पट्टीत.

आमच्या भाषेत एकोणचाळीस म्हणताना
आधी तीस येतो, मग नऊ.
तीस त्यांच्या घशात राहिला असेल,
किंवा वाऱ्यानं नेला.
घरी पोरीला ताप होता. देल्मिरा. पाच वर्षांची.
एकोणचाळीस पूर्णांक चार.
ते स्वतःशीच बोलले
आणि मी लिहिलं.

त्यानंतर त्यांनी सात तारे सांगितले त्या रात्री.
सातही बरोबर आहेत. मी ताडून पाहिले.

पोर तिसऱ्या दिवशी गेली.
वहीत त्या दिवशी हवामान: ढगाळ.
ढग नव्हते.

संचालक म्हणाले, शुद्धिपत्रात घाला.
मी घातलं: "अस्तित्वात नाही." पुढे कारणाचा रकाना होता.
त्यात लिहिलं, "लेखनिकाची चूक."
क्रमांक दुसऱ्या कुणाला देत नाहीत,
पुढच्यांचे सगळे बदलावे लागतात.
रिकामा ठेवतात.

निवृत्तीच्या आदल्या जुलैत मी एकदा वर चढले.
गुडघे, जिना, थंडी; ते असो.
पडून डोळा लावला.
मला वाटलं होतं, अंधार म्हणजे काळा.
तसा नव्हता. आधी एक बारीक तारा गेला,
खूप वेळानं दुसरा येणार होता,
आणि मधली जागा रेघेकडे सरकत होती,
हळू,
जशी इतर सगळ्यांसारखी तिचीही पाळी आहे.

खालून नव्या पोरानं विचारलं,
"आकडा, सेन्योरा? काय लिहू?"
थांब, म्हटलं.
थांब जरा.